चेन सॉ कुठलं घ्यावं? जरा सीसी सोडून बोलूया

आमच्याकडं चेन सॉ, म्हंजे झाड कापायचं साखळीचं मशीन, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, किती सीसीचं हाय? बुलेट बघायला आल्यासारखं. ५८ सीसी म्हटलं की गडी खूश, ३२ सीसी म्हटलं की तोंड वाकडं, आणि मग ऑनलाईन सात-आठ हजारात ५८ सीसी मिळतंय आणि डीलर ३२ सीसीला त्याच्या तिप्पट सांगतोय म्हणजे डीलर लुटतोय, विषय संपला.

माझ्या थोरल्या चुलतभावाचा झाडतोडीचा धंदा आहे. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा ह्या पट्ट्यात बांधावरची बाभळ, निलगिरी, सिल्व्हर ओक, कधी घरावर वाकलेलं एखादं जुनं झाड, असली कामं. तोडायला दादा आणि त्याची माणसं, आणि मशीन आणणं, उघडणं, चेन घासून धार लावणं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पार्ट शोधत फिरणं हे माझ्याकडं. त्यामुळं पै-पाहुण्यात कुणालाबी चेन सॉ घ्यायचं झालं की फोन मला येतो, आणि तेच तेच सांगून आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

तर सीसी. सीसी म्हंजे सिलिंडरात जागा किती, एवढंच. त्या जागेतनं ताकद किती निघते ते किलोवॅटमध्ये लिहिलेलं असतं आणि तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. एकाच कंपनीची दोन मशीनं घ्या. स्टिलचं एमएस ३८२ आणि एमएस ४६२, दोन्ही ७२.२ सीसी. पण ३८२ ची ताकद ३.९ किलोवॅट आणि ४६२ ची ४.४. वर ४६२ चं वजन कमी, ६ किलो, आणि ३८२ चं ६.२. आता सांगा सीसी विचारून काय कळलं? खालच्या साईजला पण तेच. एमएस २५० हे ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, आणि एमएस २६१ हे ५०.२ सीसी, ३ किलोवॅट, म्हणजे सीसी पाचनं वाढलं पण ताकद जवळजवळ तीस टक्क्यानं वाढली, आणि वजनात फरक फक्त तीनशे ग्रॅमचा. किमतीतला फरक बघून लोक २५० घेतात, ते घरच्या कामाला चुकीचं नाहीच, पण ती दोन वेगळ्या जातीची मशीनं आहेत. एक शेतकऱ्यासाठी, दुसरं रोज आठ तास चालवणाऱ्यासाठी. आतलं क्रँककेस, म्हंजे इंजिनाचा खालचा डबा, मॅग्नेशियमचं की प्लास्टिकच्या बॉडीत बसवलेलं, इथनं फरक सुरू होतो.

आणि ते ऑनलाईनचं ५८ सीसी. ह्या जातीच्या चायना मशीनचा पिस्टन बहुतेक ४५.२ मिलिमीटर व्यासाचा असतो, स्ट्रोक म्हंजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर ३४. शाळेतलं सूत्र लावा, पाय (३.१४) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले स्ट्रोक, उत्तर साडेचोपन्नच्या आसपास येतं. म्हणजे खोक्यावरचे साडेतीन सीसी रस्त्यातच सांडले. तरी चालतात हो ती, चालत नाहीत असं मी म्हणणार नाही, वर्षातनं चार वेळा जळणाला फांद्या तोडणाऱ्याला ते पुरतं पण. फक्त त्याला ५८ म्हणून डोक्यावर घेऊ नका.

मी स्वतः मशीन बघताना एकच हिशोब करतो, किलोवॅट भागिले किलो. एका किलो वजनामागं ताकद किती. २५० ला ०.५ येतं, २६१ ला ०.६१, ३८२ ला ०.६३, ४६२ ला ०.७३. दुसरी मोठी कंपनी हस्कवर्ना, तिचं ५७२ एक्सपी ७०.६ सीसी, ४.३ किलोवॅट, ६.६ किलो, म्हणजे ०.६५. सगळ्यात वर स्टिलचं एमएस ५००आय, ७९.२ सीसी, ५ किलोवॅट आणि वजन फक्त ६.२ किलो, ०.८ च्या वर जातंय, त्यात कार्ब्युरेटरच नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. ह्याला म्हणायचं जाळ अन् धूर संगटच! आणि दुसऱ्या टोकाला हस्कवर्नाचं घरगुती १२० मार्क टू, ३८.२ सीसी, १.४ किलोवॅट, वजन ४.८५ किलो, म्हणजे ०.२९. स्टिलचं छोटं एमएस १८० ताकदीला तेवढंच, १.४, पण ३१.८ सीसीमध्ये आणि चारेक किलोत. कमी सीसी, तीच ताकद, वजन पाऊण किलो कमी. तरी दुकानात माणूस ३८ कडंच बोट दाखवणार.

वजनाबद्दल एक गोष्ट कॅटलॉग सरळ सांगत नाही. तिथलं वजन नुसत्या इंजिनाचं असतं, बार (ज्या लांब पट्टीवर चेन फिरते ती) नाही, चेन नाही, टाकी रिकामी. सत्तर सीसीच्या मशीनला वीस इंची बार आणि चेन लावली, टाकीत सहाशे-सातशे मिली पेट्रोल आणि चेन ऑईल भरलं की ते सहा किलोचं मशीन आठ किलोच्या घरात जातं. आणि ते आठ किलो जमिनीवर पडलेल्या ओंडक्यावर टेकवून चालवायचं असलं तर काही वाटत नाही, बार लाकडात आपल्या वजनानंच उतरतो, उलट बरं पडतं. पण पडलेल्या झाडाच्या फांद्या छाटत बुंध्यापासनं शेंड्यापर्यंत जायचं, मशीन सारखं उचलायचं फिरवायचं, तिथं दुपारनंतर मनगट बोलायला लागतं. म्हणून दादाकडं दोन मशीनं असतात, छाटणीला पन्नास सीसीचं आणि बुंध्याला सत्तरचं. एकाच मशीनमध्ये सगळं बसवायचा हट्ट करणारे शेवटी मोठं घेतात आणि मग पोरं तेच नको म्हणतात.

आता मुख्य भांडण, स्टिल की हस्कवर्ना. दोन्ही कंपन्या म्हाताऱ्या. स्टिल १९२६ ची जर्मन, हस्कवर्ना तर १६८९ ला स्वीडनमध्ये बंदुकीचा कारखाना म्हणून सुरू झाली, म्हणजे आपल्याकडं त्या साली संभाजी महाराजांना पकडलं होतं आणि राजाराम महाराज पन्हाळ्यावरनं जिंजीला निघाले होते! चेन सॉ मात्र त्यांनी १९५९ ला काढलं, मधल्या काळात शिलाई मशीन, मोटारसायकली, काय काय करून झालं.

सत्तर सीसीत आमच्या भागात जास्त दिसतं ते ३८२, आणि हस्कवर्नाचं ३६५ किंवा ३७२. ३७२ एक्सपी चं नवीन मॉडेल ४.१ किलोवॅट, वजन साडेसहाच्या आसपास. कागदावर ३७२ जोरदार, ३८२ हलकं. हातात घेतल्यावर वेगळंच जाणवतं. हस्कवर्ना जरा सडपातळ वाटतं, बाजूवर फिरवायला सोपं, आणि धुळीत त्याचं फिल्टर जास्त वेळ टिकतं, कारण आत येणारी हवा फ्लायव्हीलच्या पंख्यावर फिरवून जड धूळ आधीच बाहेर फेकायची त्यांची रचना आहे. मार्च-एप्रिलात वाळलेली बाभळ कापताना जो लाल धुरळा उडतो त्यात हे कळतं. स्टिलचं मला आवडतं ते खालच्या स्पीडला दमणं नाही, मोठ्या बुंध्यात बार पूर्ण गाडला तरी चेन ओढत राहतं. दादा स्टिलवाला, त्याचा एक जोडीदार हस्कवर्नावाला, दोघांची चहाच्या टपरीवर ह्यावरनं रोज लागते आणि दोघंही दुसऱ्याचं मशीन मागून नेतात.

मला विचाराल तर ह्या साईजला ब्रँडचा फरक इतका बारीक आहे की त्यावर मशीन ठरवू नये. ठरवायचं ते पार्ट कुठं मिळतो ह्यावर. काम अडतं ते पिस्टननं नाही, काम अडतं ते पन्नास-शंभर रुपयाच्या गोष्टीनं, स्टार्टरची दोरी, क्लचची स्प्रिंग, ऑईल पंपाचा वर्म, इंपल्स लाईन. मलकापूरच्या पुढं जंगलाकडंला मजूर बसून आहेत, ट्रॅक्टर भाड्यानं उभा आहे, आणि तुम्ही त्या वर्मसाठी कोल्हापूरला यायचं का कुरियरची वाट बघायची? तुमच्या तालुक्याच्या गावात ज्या कंपनीचा डीलर पार्ट स्टॉकला ठेवतो ते मशीन तुमच्यासाठी भारी. मग ते स्टिल असो नाहीतर हस्कवर्ना. (एकदा एका दुकानानं मला ओरिजिनल म्हणून जी चेन दिली तिचे रिव्हेट दुपारपर्यंत ढिले झाले होते, दुकानाचं नाव घेत नाही, पण त्या दिवसापासनं प्रत्येक लिंकवर शिक्का आहे का बघूनच चेन घेतो.)

डुप्लिकेटचा विषय निघालाच आहे तर, ३८१, ३८२ आणि ते जुनं धिप्पाड ०७० ह्यांच्या नकला बाजारात भरपूर फिरतात, रंग तोच, स्टिकर तोच. ओळखायचं कसं, तर सिरीयल नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो, नुसत्या स्टिकरवर नसतो, आणि तो नंबर डीलरला सांगितला की तो बघून सांगतो. निम्म्या किमतीत मिळालं म्हणून उड्या मारण्याआधी एवढं करा.

मकिता घेऊ का असंही बरेच जण विचारतात कारण ड्रिल-ग्राइंडरमुळं नाव ओळखीचं. मकिताची पेट्रोल चेन सॉ म्हणजे मुळात डोलमार, हॅम्बुर्गची कंपनी, १९२७ ला पेट्रोलवरचं चेन सॉ काढणारी. मशीनं चांगली होती, पण मकितानं २०२२ ला इंजिनवाली मशीनं बनवणंच बंद केलं, सगळा जोर बॅटरीवर. जुना स्टॉक स्वस्तात मिळाला तर पुढचे पार्ट कुठनं आणणार ह्याचा विचार करून घ्या. बॅटरीवालं मशीन बागेला, सोसायटीला, आवाज नको तिथं मस्त. दिवसभर जंगलात चार्जिंग कुठं करणार, त्यामुळं आमच्या धंद्याला तूर्त नाही. एको, ओलिओ-मॅक पण चांगली आहेत, इथं डीलर जवळ असला तर खुशाल घ्या.

आता पेट्रोल. हे नीट वाचा, कारण सध्या माझ्याकडं येणारी निम्मी मशीनं ह्यामुळंच येतात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल, ऊसवाल्यांचा फायदा, त्याबद्दल तक्रार नाही, आमचा पण ऊस आहे. पण स्क्रूनं ट्यून करायचा साधा कार्ब्युरेटर असलेल्या मशीनला १० टक्क्यांच्या वर इथेनॉल नको असं स्टिलच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळं मिश्रण पातळ होतं, म्हंजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त गरम चालतं, आणि टू-स्ट्रोकला थंड ठेवणारं, ऑईल देणारं तेच मिश्रण असतं म्हटल्यावर पिस्टनवर ओरखडे यायला वेळ लागत नाही. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गगनबावड्यात जुलै महिन्यात अर्धा भरलेला कॅन शेडमध्ये ठेवून बघा, खाली पाण्याचा थर वेगळा दिसेल, आणि ऑईल वर पेट्रोलबरोबर राहतं, म्हणजे मशीननं तळातलं ओढलं तर ते बिनऑईलचं.

म्हणून मजा अशी आहे की ज्या कारणासाठी आमचे फिटर ३८२ ला चांगलं म्हणतात, म्हणजे साधा कार्ब्युरेटर, एक स्क्रूड्रायव्हर घेतला की काम झालं, तेच कारण आता अडचणीचं व्हायला लागलंय. ४६२ मध्ये एम-ट्रॉनिक आहे, हस्कवर्नाच्या ५७२ मध्ये ऑटोट्यून, ती मशीनं मिश्रण स्वतः जमवून घेतात, आणि एम-ट्रॉनिकला स्टिल २७ टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं म्हणते. पण बिघडलं तर उद्यमनगरातला मिस्त्री हात वर करणार, कंपनीचा टेस्टर लागतो. आमच्यासारख्या रोजच्या धंद्याला मी अजून ३८२ च सांगतो, पण हाय स्पीडचा स्क्रू थोडा उघडून, मिश्रण जाडसर ठेवून, आणि पेट्रोल आठवड्यापुरतंच कालवून. एका लिटरला २० मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑईल, पाच लिटरला १००, मापानं. टोपणानं अंदाजे ओतायचं बंद करा. पावसाळ्यात मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होऊन बसतो आणि मग सप्टेंबरात दोरी ओढून खांदा जातो.

ताकद, वजन, किंमत हे सगळं एका बाजूला आणि चेन एका बाजूला. धार गेलेली चेन असलेलं पाच किलोवॅटचं मशीन धारदार चेनच्या तीन किलोवॅटपुढं हरतं, हे मी पैज लावून दाखवतो कुणालाबी. आज आपण वापरतो त्या दाताची रचना अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाच्या माणसानं १९४६ च्या सुमाराला लाकूड पोखरणाऱ्या अळीचं तोंड बघून केली, अळी डावीकडं-उजवीकडं आलटून पालटून लाकूड खाते, चेनचे दात पण तसेच एक डावा एक उजवा. म्हणून घासताना एका बाजूचे दात लहान एका बाजूचे मोठे राहिले की मशीन कापताना एका अंगाला वळतं, सरळ काप येतच नाही, आणि लोक म्हणतात बार वाकडा झाला. बार नाही, तुमचा उजवा हात जोरात आहे. ३/८ पिचला (पिच म्हंजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) ५.२ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ ला ४.८, तिरकेपणा ३० अंश, कानस पुढं ढकलायची फक्त, मागं ओढताना उचलायची. दाताच्या पुढं जी गाठ असते ती दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवी, दात झिजत जातो तशी ती पण चपट्या कानशीनं उतरवायची. ही गाठ कुणीच उतरवत नाही! मग धार असून चेन नुसती घासत राहते, ढलप्यांऐवजी पीठ पडतं.

आणि झाड बघून चेन. ओल्या निलगिरीला, सिल्व्हर ओकला चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझल दात पळतो. बाभळीला, वाळलेल्या लाकडाला, मातीत लोळलेल्या ओंडक्याला गोल कोपऱ्याचा सेमी चिझल, थोडा हळू पण टिकतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठची झाडं कापताना हे चांगलं कळलं. पाणी जिथवर चढलं होतं तिथवर सालीच्या भेगाभेगात गाळ बसलेला, वरनं दिसत पण नाही, आणि फुल चिझल लावून बार टेकवला की ठिणग्या उडून दोन मिनिटात चेन संपली. शेवटी पोरं आधी कुऱ्हाडीनं गोल साल काढायची, उघड्या लाकडावर मग मशीन. बांधावरच्या बाभळीत दुसरा वैताग म्हणजे जुनी काटेरी तार, कुणाच्या तरी आज्ज्यानं ठोकलेली, झाडानं गिळलेली. सालीवर काळा-निळा डाग दिसला तर तिथं लोखंड समजायचं आणि वीतभर वर कापायचं.

तर घ्यायचं काय? घरच्या शेतीला, फांद्या, जळण, वादळात पडलेलं एखादं झाड, एमएस १८० किंवा त्या तोडीचं पुरेल, फार तर २५०. ठेकेदारीला सुरुवात करणाऱ्यानं एकदम सत्तरवर उडी मारू नये, पन्नास सीसीचं प्रोफेशनल घ्यावं, २६१ किंवा हस्कवर्ना ५५०, त्यानं चार फूट घेराचं झाड सुद्धा निघतं जरा वेळ लागतो एवढंच, आणि पैसे आल्यावर सत्तरचं. सत्तरचं चांगलं मशीन पन्नास हजाराच्या वर जातं, ते रोज चाललं तरच परवडतं. सॉ-मिलवाल्यांसाठी किंवा फळ्या पाडायला स्टिलच्या एमएस ८८१ सारखं, १२१.६ सीसी, जवळजवळ दहा किलो, ते उभ्या झाडाला घेऊन जाऊ नये, ते ओंडक्यावर ठेवून चालवायचं मशीन आहे. आणि जेवढ्यात बसेल त्यातले तीन-चार हजार बाजूला ठेवून हेल्मेट-जाळी, कानाचं झाकण आणि बूट घ्या. कोल्हापुरी घालून चेन सॉ चालवणारे महाभाग मी बघितलेत, पायताण भारी असेल पण चेनला ते कळत नाही. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला लागला की मशीन उलटं तोंडावर येतं, चेन ब्रेक त्यासाठी आहे, रोज सकाळी तो लागतोय का बघायचा.

अजून एक, मशीन आलं म्हणून लगेच झाडाला लावू नका. स्वतःच्या शेतातलं असलं तरी आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, साग असल्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते, शहरात तर १९७५ चा वेगळा कायदा आहे. अर्ज आधी, मशीन नंतर, नाहीतर महागात पडतं.

आणि आमचं मशीन उसनं मागणाऱ्यांनो, काय पण कापा, नारळ सोडून. नारळाचा बुंधा चेनची धार एका झाडात खाऊन टाकतो, आणि परत देताना कुणी सांगत नाही की नारळ कापला. भुश्याच्या तंतूवरनं मला कळतंय, घासणावळ वेगळी लागेल.